माधवरावांच्या वरची तुळजाबाई

१

लातूर आणि नांदेड मिळून संगणकात माझ्या तोडीचा माणूस तुम्हाला सापडणार नाही. म्हणजे माझ्या वयाचा, सातवी नापास आणि माऊस डाव्या हातानं धरणारा. एवढ्या अटी घातल्या की माझा पहिला नंबर येतो. शेवटचाही माझाच.

माझं नाव चन्नबसप्पा. सगळे आप्पा म्हणतात. लातुरात माधवराव सरांचा डॉक्टर-इंजिनियर बनवायचा कारखाना आहे, त्याच्या वसतिगृहावर मी देखरेखीला असतो. पोरं भोकरपासून निलंग्यापर्यंत कुठून कुठून येतात. येताना आईनं बांधलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणतात, जाताना चष्मा घेऊन जातात. मधल्या काळात त्यांना हसवणारा मी एकटाच. बायॉलॉजीच्या मास्तरांच्या खुर्चीवर मी एकदा बेंडकुळी, म्हणजे बेडकाचं पिल्लू, ठेवली होती. मास्तर वर्षानुवर्षं फळ्यावर बेडूक काढतात, पण खरा बघून टेबलावर चढले.

तर संगणक. आमच्याकडं एक सर्व्हर आहे. जिन्याखालच्या खोलीत असतो. दिवसभर मांजरासारखा घुरघुरतो. अजीज पत्रेवाल्याची पोरगी जेबा, ती तो सांभाळते. सरांनी विकतचा घ्यायला नको म्हटलं, तर हिनं फुकटातला बसवला. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही उघडून आतली मांडणी बघावी असा. त्यात आमच्या सगळ्यांची ओळख ठेवलेली. गेट असो, प्रयोगशाळा असो, वायफाय असो, सगळे त्यालाच विचारतात, हा कोण, सोडू का आत.

"म्हणजे कोतवालच की," मी म्हटलं.

"कोतवाल झोपतो आप्पा. हा झोपत न्हाई," जेबा म्हणाली.

पोरं पासवर्ड विसरतात. पेशींची नावं लॅटिनमधून पाठ, स्वतःचा पासवर्ड मात्र रोज नवा लागतो. प्रत्येक वेळी जेबाला हाका मारायच्या, तिनं दुसऱ्या इमारतीतून पळत यायचं. शेवटी वैतागून तिनं मला ॲडमिनचा पासवर्ड देऊन टाकला. "फक्त हे बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा न्हाई. सरांना कळलं तर मी गेलेच."

हात लावायचा नाही म्हणाली. मला. गावातल्या मारुतीच्या शेपटीला ज्यानं घुंगरू बांधलं त्याला.

२

त्या सर्व्हरात माणसं झाडासारखी लावलेली असतात. वर माधवराव, त्यांच्या फांदीवर मास्तर, मास्तरांच्या फांदीवर पोरं. बाहेर जायचं असेल तर पोरानं मोबाईलवरून वरच्या माणसाला विचारायचं. त्यानं हो म्हटलं की गेट कार्डाला उघडतं. नाही म्हटलं तर कारण लिहायचं. आत असलेल्याच्या नावापुढं 'आत' दिसतं, गेलेल्याच्या नावापुढं 'बाहेर'. नियम सर्वांना सारखा, असं सरांनी सभेत टेबल वाजवून सांगितलं होतं.

आणि सरांचा वरचा कोण? मी उघडून बघितलं, तर सरच. गृहस्थ स्वतःच स्वतःला विचारतो, जाऊ का, आणि स्वतःच म्हणतो, जा बाळा. मी तिथं एकटाच इतका हसलो की वॉचमन सद्दाम डोकावून गेला.

मग मी सरांच्या डोक्यावर एक माणूस बसवला. नाव लिहिलं तुळजाबाई. पासवर्ड दिला नाही. फोन नंबर नाही, कार्ड नाही. नुसतं नाव, आणि तिच्या फांदीला आख्खा क्लास टांगला. पासवर्ड नसलेला माणूस काही करूच शकत नाही, हे मला जेबानंच शिकवलेलं. सरांना मात्र मी हळूच सांगून ठेवलं, की नियम सर्वांना सारखा म्हणून तुमचा अर्ज आता सर्व्हरच आपोआप मंजूर करतो. सर खूश झाले. शिकलेल्या माणसाला आपोआप हा शब्द फार आवडतो.

तुळजाबाईच का, तर माणसाला धाकात ठेवणारं दुसरं नाव मला आठवेना. निलंग्याकडं आमचं गाव. आमच्या गल्लीला एकच दार होतं. आत दहा घरं, गोटे-मातीच्या जाड भिंतींची, आणि त्या सगळ्यांवर तुळजाआत्या. विधवा बाई, मूलबाळ नाही. दिवेलागणीला कंदील घेऊन दारात उभी राहायची आणि गल्लीतल्या एकेकाचं नाव घ्यायची. पोर असो, बाप्या असो, असाल तिथून ओ द्यायची. "आलो, आत्या." सगळ्यांची ओ आली की ती कडी घालायची, आणि मगच ताटावर बसायची. ओ नाही आली तर जेवायची नाही. आख्ख्या गल्लीला त्याचा घोर असायचा.

मला आवाज काढता यायचे. मी कुणाच्याही नावाची ओ त्याच्याच आवाजात देत असे. माझा दोस्त भीमाशंकर तमाशाला गेला असला की मी त्याच्या आवाजात "आलो आत्या" म्हणायचो, मी गेलो की तो माझ्या आवाजात. म्हातारीला कधी कळलं नाही. माझ्या नावाची खरी ओ तिनं कधी ऐकलीच नसेल. इतका मी बाहेर.

३

पहिल्यांदा गेट अडलं ते सरांनाच.

संध्याकाळची वेळ. सरांना कुठल्याशा लग्नाला जायचं होतं, अंगाला अत्तर. कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. माझ्या पोटात हसू मावेना. माझ्या हिशेबानं अर्ज नुसता पडून राहायला हवा होता, सरांनी बोंबलायला हवं होतं आणि मी साळसूदपणे उघडून द्यायला हवं होतं. सरांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

"हे काय आहे, आप्पा?"

अर्ज पडून नव्हता. नामंजूर होता. खाली कारणाच्या जागी लिहिलं होतं, दिवेलागण झाली. आत या.

मी हसलोच, कारण तोंड आधीच तयार होतं. पण हसू अर्ध्यावरच राहिलं. हे तुळजाआत्याचं वाक्य, मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. लातुरात आता दिवेलागण म्हणतंय कोण. इथं संध्याकाळ झाली की 'सेकंड शिफ्ट' म्हणतात.

सद्दामनं आपल्या किल्लीनं गेट उघडलं, सर गेले. जेबा धावत आली. सर्व्हर उघडून बसली.

"आप्पा, ही तुळजाबाई कोण?"

"असंल कुणी."

"आप्पा."

"बरं, मीच. मस्करी केली. पण न्हाई म्हणून मी लिहिलं न्हाई, देवाशप्पथ."

"तुमचा देव तुमच्यावर विश्वास ठेवतो का?" तिनं पडदा वरखाली केला. "हिला पासवर्डच न्हाई. म्हणजे हिच्या नावानं कुणी आत शिरूच शकत न्हाई. आन् तरी न्हाई म्हणणारी हीच हाय."

मला वाटलं, पोरगी उलटी माझीच फिरकी घेते आहे. गुरूची विद्या गुरूला. मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली आणि झोपायला ओसरीवर पत्र्याखाली आलो. स्लॅबखाली मी झोपत नाही. भूकंपानंतर आमच्याकडचे पुष्कळ जण झोपत नाहीत, त्यात विशेष काही नाही.

४

मग रोज दिवेलागणीला गेट अडू लागलं. आधी सर, मग मास्तर, मग पोरं. सगळ्यांना तेच वाक्य. दिवसा ठणठणीत, उजेड उतरला की लाल. सद्दामची किल्ली काही दिवस चालली, मग तीही कुलपात फिरेना.

पोरांनी त्याचे विनोद केले. चटणी संपली तरी बाहेर नाही, दिवेलागण झाली. मीही हसायचो. पण एक गोष्ट मी कुणाला बोललो नाही. आमची कुलपं नव्या तऱ्हेची, लोहचुंबकाची. लागताना टिक वाजतं, बस. किल्ली फिरेनाशी झाली त्या संध्याकाळी मला गेटाकडून लोखंडी कडीचा आवाज आला. कडी उचलून कोयंड्यावर टाकतात तो. सबंध आवारात कडी नाही. मी म्हटलं, बादलीचा कान असेल. जाऊन बघितलं. बादली प्लॅस्टिकची होती. म्हणून काय झालं, शेजारच्यांची असेल पत्र्याची.

सरांनी जेबाला बोलावलं. मी दाराशी कान लावायला उभाच होतो, ते माझं जुनं काम.

"रविवारी पालकसभा आहे," सर म्हणाले. "साडेचारशे पालक. त्यांच्यापुढं गेट अडलं तर सोमवारी तुम्ही येऊ नका. आणि जाताना मी पोलिसांत तक्रार देणार, की सर्व्हरात बनावट माणूस घुसवला. पुढं कुठं नोकरी मिळते ते बघा."

जेबा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओल्या पाटीसारखा झाला होता. हैदराबादची नोकरी तिनं अजीजच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपायी सोडली होती, हे मला ठाऊक होतं.

"मी सांगतो सरांना," मी म्हटलं. "मीच केलं म्हणून."

"आन् ॲडमिनचा पासवर्ड तुम्हाला कुणी दिला, ते काय सांगणार?"

तो रस्ता बंद झाला. पण माझा धीर सुटला नव्हता. बसवली कुणी, मी. मग उठवणार कोण, मीच. एका बटणाचं काम. तिच्यादेखत मी तुळजाबाई पुसली, सरांना पुन्हा शेंड्यावर बसवलं आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत ती परत आली होती. तिथंच, सरांच्या वर.

जेबानं पुसली. परत आली. जेबा नखं खाऊ लागली.

"आपले सर्व्हर दोन हायती, आप्पा. एक इथं, एक नांदेडच्या शाखेत. दोघं एकमेकांची नक्कल करून राहतात. इथं एखादी नोंद पुसली आन् त्याच टायमाला तिकडं कुणी तिच्या फांदीवर नवं माणूस लावलं, तर पुसलेली नोंद परत उभी करतात. नियमच हाय तसा. खालचं लेकरू उघड्यावर पडू नये म्हणून मेलेली माय उठवतात."

"मेलेली म्हणू नको गं."

"तसंच म्हणतात. पुसलेल्या नोंदीला थडगं म्हणतात आमच्यात." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही का घाबरून राहिलाव?"

"मी? मी चहा थंड होऊन राहिला म्हणून बघतोय."

"तिकडं कुणीतरी हिच्याखाली माणूस लावलंय. इथून दिसत न्हाई. मी रविवारी नांदेडला जाते. तुम्ही इथं बसा. दोन्हीकडून एकदम पुसू."

५

शनिवारी मी उमादेवीकडं जाऊन आलो. भीमाशंकरची बायको. आता लेकाकडं लातुरातच असते. उगाच गेलो, पेढे घेऊन.

भूकंपाच्या वर्षी गणपती बुडवून मी निलंग्याला ढोलवाल्यांच्या नादानं गेलो आणि एसटी चुकली. स्टँडवरच आडवा झालो. पहाटे जमीन हलली तेव्हा मला वाटलं कुणीतरी बाकडं हलवून माझीच मस्करी करतंय. मी झोपेतच त्याला शिवी दिली. सकाळी गावाकडं गेलो तर गल्ली नव्हती. दगडांचा ढीग होता, आणि त्याच्या तोंडाशी दार उभं होतं. कडी घातलेलं.

उमादेवीला दुपारी जिवंत काढलं होतं, भीमाशंकरला आणि आत्याला नाही. तिनंच मला तेव्हा सांगितलेलं, ते मी पुन्हा विचारलं.

"हाव भावजी," ती म्हणाली. "त्या सांजच्याला आत्यानं नावं घेतली. तुमचं नाव आलं. यांनी ओ दिली, हुबेहूब तुमच्यावाणी. मी हसले. आत्याबी खूश झाली, आज सगळे आत म्हणली. आन् कडी घातली." तिनं पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "आज काहून विचारून राहिले?"

"उगंच. मस्करी."

"तुमच्या मस्कऱ्या लई लांब जातात, भावजी."

येताना रिक्षात मी स्वतःला समजावलं. सर्व्हर फुकटातला. फुकटातल्या वस्तूत खोट असायचीच. म्हातारी दगडाखाली. सर्व्हर विजेवर चालतो. दोघांचा संबंध काय.

६

रविवारी आत येतानाच पालकांची नावं सर्व्हरात घातली, आणि सभा झकास झाली. सरांनी लातूर पॅटर्नवर भाषण ठोकलं, पालकांनी डुलक्या घेतल्या. उजेड उतरला तसे सगळे उठले. कुणाला मुदखेडला जायचं, कुणाला भोकरला, एसट्या धरायच्या. आणि गेट अडलं.

मी जिन्याखालच्या खोलीत बसलो होतो. एरवी मी त्या खोलीचं दार कधी लावत नाही. त्या दिवशी लोकांचा लोंढा म्हणून ओढून घेतलं. कानाला फोन, फोनवर नांदेडहून जेबा.

"आप्पा, बटणावर बोट ठेवा. मी म्हणते तवा."

बाहेर सर ओरडत होते, "सद्दाम, मेन स्विच पाड." अक्कल होती त्यात. लोहचुंबकाचं कुलूप वीज गेली की आपोआप सुटतं. दिवे गेले. आख्खी इमारत अंधारली. फक्त आमचा सर्व्हर बॅटरीवर घुरघुरत राहिला आणि पडद्याचा निळा उजेड माझ्या हातावर पडला.

गेट सुटलं नाही. लोक बोलायचे थांबले, ते मला भिंतीतून ऐकू आलं.

"आता," जेबा म्हणाली. मी दाबलं.

"न्हाई म्हणतंय," ती म्हणाली. "खाली एक माणूस हाय म्हणतंय. आधी त्याला काढा. थांबा, इथं दिसून राहिलं. एकच नाव हाय." मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आप्पा, तुम्हीच हायसा. चन्नबसप्पा. नांदेडच्या शाखेत तुम्हाला कुणी लावलं?"

"मी नांदेड बघितलं ते गुरुद्वाऱ्याच्या लंगरापुरतं."

"तुमच्या नावापुढं 'बाहेर' लिहिलंय. बाकी समद्यांपुढं 'आत'. पोरं, मास्तर, सर, पालक. एकटे तुम्ही बाहेर."

"मी तर आत बसलोय की इथं."

"ह्याला तसं वाटत न्हाई."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर टिक वाजलं. खोलीच्या कुलपाचं. वीज नव्हती, लक्षात घ्या. मग पुढच्या खोलीचं. मग त्याच्या पुढच्या. एकेक खोली करत टिक टिक जिन्याकडं येत होतं, आणि दोन टिकांच्या मध्ये एवढीच जागा होती, की कुणी एखादं नाव घ्यावं आणि ओ यावी. नाव मला ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, बॅटरी असेल कुलपात. असतात बॅटऱ्या.

जिन्यावर पावलं वाजली नाहीत. दाराच्या खालच्या फटीत उजेड आला. मोबाईलचा उजेड पांढरा असतो. हा पिवळा होता, आणि हलत होता, हातात धरलेला हलतो तसा. रॉकेलचा वास आला. उजेडाच्या मधोमध दोन पावलांची सावली येऊन थांबली. पावलांवर लुगड्याचा काठ होता, आणि त्या काठावर पांढरी माती.

मग माझं नाव आलं. मोठ्यानं नाही. शेवटचा 'प्पा' लांबवून, जसं फक्त एक बाई म्हणायची.

मला माहीत होतं गेट कशानं उघडेल. दोन शब्दांचं काम होतं. जेबाची नोकरी, अजीजचे डोळे, सगळं त्या दोन शब्दांवर होतं. आणि आयुष्यभर साऱ्या गावाच्या नावानं ओ दिलेल्या माझ्या घशातून माझ्या नावाची ओ निघेना. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. फोन मांडीवर पडला. पुन्हा नाव आलं.

आणि कडी पडली. खणकन. उजेड सरकत गेला.

बाहेर गलका उठला, गेट उघडलं होतं. सर मोठ्यानं हसत कुणाला तरी सांगत होते, थोडा तांत्रिक अडथळा होता. सद्दामनं स्विच चढवला, दिवे आले. पडद्यावर मी बघितलं, सरांच्या वर कुणी नव्हतं. पुसली गेली होती.

मी फोन उचलला. हात ओले होते, पण आवाज मी नेहमीचाच लावला.

"जेबा, वाचली बघ तुझी नोकरी. उद्या पेढे घेऊन ये. आन् ऐक, म्हातारीला मी तवाबी ओ दिली न्हाई, आजबी न्हाई. तोंडावर हात धरून बसलो होतो. आपण तिला कधी घावलोच न्हाई."

पलीकडं जेबाच्या मागं नांदेडचा सर्व्हर घुरघुरत होता.

"मग 'आलो, आत्या' कोण म्हणलं, आप्पा? मी फोन कानालाच धरून होते, तुमचाच आवाज होता. आन् गेट उघडल्यापासून इथं समद्यांपुढं 'बाहेर' झालंय, एकच नाव 'आत' दाखवून राहिलंय."